प्रयोगशाळेपासून उंबरठ्यापर्यंत : क्षयरोगाच्या इतिहासातील एक धडा



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण आज येथे जमलो आहोत त्यांच्यापुढे बसून मी विज्ञानाचे पहिले धडे गिरवले. पुढे माझे सारे आयुष्य मराठीच्या अध्यापनात गेले. त्यामुळे आज मी संतवाङ्मयावर किंवा आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातील बोलीवर बोलेन, अशी आयोजकांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. मी विषय निवडला तो क्षयरोगाच्या इतिहासाचा. ही अनधिकार चेष्टा आहे याची मला जाणीव आहे, आणि सभागृहातील डॉक्टर मंडळींची मी आरंभीच क्षमा मागतो. परंतु या विषयावर बोलण्याचा एक अधिकार मजपाशी आहे. मी या रोगाचा रुग्ण होतो. मी आज आपल्यापुढे उभा आहे याचे श्रेय काही औषधांना आहे, काही संशोधकांना आहे आणि गुरुजींना आहे. गुरुजींचा वाटा कोणता, हे ओघाने येईलच.

राजाचा रोग

आपल्या परंपरेत या रोगाचे नाव 'राजयक्ष्मा' असे आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्याला स्वतंत्र अध्याय दिलेला असून त्याच्या उत्पत्तीची कथाही तेथे येते. दक्षाने आपल्या कन्या चंद्राला दिल्या. चंद्र मात्र एकट्या रोहिणीवर अनुरक्त राहिला. दक्षाचा कोप झाला आणि चंद्र दिवसेंदिवस झिजू लागला. नक्षत्रांच्या राजाला जडला तो राजयक्ष्मा. कथा सुंदर आहे. पण तिने एक गोष्ट आपल्या मनात खोलवर रुजवली. हा रोग म्हणजे कोणाच्या तरी पापाचे फळ, घराण्यावरचा कोप. रोगाचे कारण कळेनासे झाले की माणूस दोष शोधू लागतो, आणि तो बहुधा रोग्यातच शोधतो.

इतिहासात या रोगाने राजालाही सोडले नाही. पानिपतानंतर मराठी राज्याची घडी पुन्हा बसवणारे थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' कादंबरीमुळे ते थेऊर मराठी वाचकांच्या मनात कायमचे राहिले आहे. पेशव्यांच्या दरबारात वैद्यांची वाण नव्हती आणि द्रव्याचीही नव्हती. नव्हते ते ज्ञान.

ते ज्ञान यायला आणखी एकशे दहा वर्षे लागली. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. रोग शापाने होत नाही, जंतूने होतो, हे सिद्ध झाले. त्यानंतरच्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या. मार्च १८८६ मध्ये त्यांना फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली होती; पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला, तो क्षयानेच. वयाला बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्या काळच्या जगातील उत्तम वैद्यकीय शिक्षण त्यांनी घेतले होते, रोगाचे कारण तोवर जगाला कळले होते, आणि तरीही त्यांच्यासाठी कोणापाशी काही नव्हते. कारण कळणे आणि उपाय हाती असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपल्या मुलखातून नागपूरला जाताना सावनेर लागते. तेथे २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी वारले. त्यांचे अखेरचे दुखणे क्षयाचेच मानले जाते. मराठीचा शिक्षक म्हणून कितीतरी वर्षे मी त्यांची नाटके शिकवली, आणि सावनेरवरून जाताना दरवेळी तो दिवस आठवत आलो. त्याही वेळी जगात क्षयावर औषध नव्हते.

मागची पडवी

जंतूचा शोध आणि औषधाचा शोध यांमध्ये सहा दशके गेली. या मधल्या काळात जगाने ज्याचा आधार घेतला ते आरोग्यधाम, म्हणजे सॅनेटोरियम. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी आणि धीर, असा तो उपचार होता. आपल्या देशात विसाव्या शतकाच्या आरंभापासून अशी आरोग्यधामे निघाली. १९१५ मध्ये मदनपल्लीचे मोठे आरोग्यधाम सुरू झाले. मिरजेजवळ वानलेसवाडीचे होते. आपल्या जुन्या मध्यप्रांतात बिलासपूरच्या बाजूला पेंड्रा रोडचे होते, आणि आमच्या लहानपणी 'पेंड्र्याला पाठवले' एवढे शब्द कानावर आले तरी मोठी माणसे गप्प होत. या संस्थांनी पुष्कळांना आधार दिला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण खाटा शेकड्यांत होत्या आणि रोगी लाखांत.

माझी आत्या त्या लाखांतली. ती बालविधवा होती आणि आमच्याच घरी राहत असे. १९५७ च्या पावसाळ्यात तिला खोकला लागला तो गेला नाही. घराच्या मागच्या पडवीत तिची खाट पडली. तिचे ताट, वाटी, तांब्या वेगळा झाला. आम्हा मुलांना तिकडे जाण्याची बंदी झाली. रोगाचे नाव घरात कोणी घेत नसे. विचारणाऱ्याला 'छातीचं दुखणं' म्हणून सांगत. बाबांनी दूरच्या एका आरोग्यधामाला पत्र घातले. उत्तर आले की खाट रिकामी नाही, सहा महिन्यांनी पुन्हा लिहावे. सहा महिने थांबण्याइतका अवधी तिला नव्हता. १९५८ च्या उन्हाळ्यात ती गेली. पडवीच्या दारातून ती मला हाताने 'जवळ येऊ नको' अशी खूण करी, ती खूण अजून डोळ्यांपुढे आहे. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो.

आज हे सारे पुन्हा आठवताना एक गोष्ट मनाला अधिक लागते. १९५८ मध्ये क्षयावर औषध होते. १९४३ मध्ये अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले होते. इंग्लंडमध्ये १०७ रुग्णांवर त्याची काटेकोर परीक्षा झाली. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला केवळ विश्रांती, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक क्रमाने ठरवलेली ती परीक्षा होती. सहा महिन्यांत औषधाच्या गटातील ५५ पैकी ४ दगावले, दुसऱ्या गटातील ५२ पैकी १४. १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याच परीक्षेत दुसरीही गोष्ट दिसली होती. एकटे औषध दिले की काही आठवड्यांत जंतू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून 'पास' नावाचे दुसरे औषध जोडीला देऊ लागले, आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड ही स्वस्त व गुणकारी गोळी आली. दोन-तीन औषधे एकत्र आणि दीर्घकाळ दिली तर क्षय बरा होतो, हे १९५८ पूर्वीच कळलेले होते. ते ज्ञान आमच्या सौंसरच्या पडवीपर्यंत आले नव्हते, इतकेच.

मद्रासची परीक्षा

माझी आत्या खाटेची वाट पाहत होती त्याच सुमारास, या देशातच, खाट खरोखर आवश्यक आहे काय, हा प्रश्न विचारला जात होता. क्षयरोगाच्या साऱ्या इतिहासात मला हा प्रश्न सर्वांत धाडसाचा वाटतो.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात देशभर पाहणी केली. क्षय हा शहरांचा, गिरण्यांचा आणि चाळींचा रोग आहे, अशी तोवर समजूत होती. पाहणीत आढळले की खेड्यांतही तो जवळपास तितकाच आहे. क्ष-किरण तपासणीत शेकडा सुमारे दीड माणसांच्या फुप्फुसांत रोगाच्या खुणा दिसल्या. एवढ्या रोग्यांना पुरतील इतकी आरोग्यधामे बांधणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते.

१९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद यांनी ते मिळून उभारले. वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख. मद्रासच्या दाट गरीब वस्त्यांतील १९३ रुग्ण घेण्यात आले. यादृच्छिक निवडीने काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना घरीच. दोघांनाही आयसोनियाझिड आणि पास ही औषधे एक वर्ष दिली. आरोग्यधामातल्यांना विश्रांती अधिक, अन्न उत्तम, खोल्या हवेशीर. घरच्यांना एका खोलीत सहा-सात माणसे, अपुरे जेवण, आणि बरे वाटू लागताच कामावर जाणे.

१९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षअखेर आरोग्यधामातील शेकडा ९२ रुग्णांचा रोग शमला होता, आणि घरी राहिलेल्यांपैकी शेकडा ८६ जणांचा. घरच्या माणसांचे काय झाले, हेही पुढे पाच वर्षे पाहिले गेले. रुग्ण घरी राहिल्यामुळे कुटुंबाला धोका वाढला, असे दिसले नाही. ज्यांना लागण व्हायची ती बहुतेक उपचार सुरू होण्यापूर्वीच झालेली असे. औषध सुरू झाले की रोग पसरवण्याची शक्ती झपाट्याने ओसरे. क्षय पसरतो तो खोकल्यातून उडणाऱ्या सूक्ष्म कणांनी, हवेवाटे. ताट-वाटीतून तो पसरत नाही.

या आकड्यांचा अर्थ आपण घरगुती भाषेत करून पाहू. माझ्या आत्याला पेंड्र्याला जाण्याची गरज नव्हती. खाटेची वाट पाहण्याची गरज नव्हती. तिचा तांब्या वेगळा करण्याची तर मुळीच नव्हती. तिला गोळ्या हव्या होत्या, आणि वर्षभर त्या रोज दिल्या जातील अशी सोय हवी होती. या एका परीक्षेने जगातील आरोग्यधामांचे युग संपत आणले. श्रीमंत देशांनीही तो मार्ग स्वीकारला. गरीब देशाच्या अडचणीतून निघालेले उत्तर सगळ्या जगाला लागू पडले, याची नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे असायला हवी होती.

खोकल्याची बाटली

उपचार घरी करता येतो, हे ठरले. पण रुग्ण शोधायचा कसा? खेडूत अडाणी असतो, तो दवाखान्यात येत नाही, म्हणून क्ष-किरणांच्या गाड्या घेऊन गावोगाव फिरावे, असे पुष्कळांचे मत होते. १९५९ मध्ये बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथे देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात ही समजूतच तपासून पाहिली. १९६३ मध्ये त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले. क्षयाच्या बहुतेक रोग्यांना आपल्या त्रासाची जाणीव होती, अनेक जण चिंतेत होते, आणि निम्म्याहून अधिक रोगी आधीच कोणत्या ना कोणत्या सरकारी दवाखान्यात जाऊन आलेले होते. तेथे त्यांची थुंकी कोणी तपासली नव्हती. त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले होते.

अडाणी कोण होते, याचे उत्तर त्या पाहणीने दिले. १९६२ पासून जो राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला त्याची मांडणी याच अभ्यासांवर झाली : जो आपण होऊन खोकला घेऊन येतो त्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी आणि उपचार घराजवळच्या दवाखान्यात द्यावा.

मांडणी उत्तम होती. ती सर्वत्र उतरली असे मात्र नाही. १९७२ मध्ये मी नागपुरात एम.ए. करीत होतो. तीन महिने खोकत होतो. एका दवाखान्यातून मला खोकल्याची बाटली मिळाली. ती संपली, दुसरी मिळाली. तीन बाटल्यांनंतर तेथल्याच एका तरुण डॉक्टरने थुंकी तपासायला सांगितली आणि निदान झाले. स्ट्रेप्टोमायसिनची रोजची सुई आणि आयसोनियाझिड-थायासेटाझोनच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत ताप गेला, वजन वाढले, आरशात चेहरा ओळखीचा दिसू लागला. चौथ्या महिन्यात मी औषध सोडले.

मला कोणी सांगितले नव्हते असे नाही. डॉक्टरांनी वर्षभराची ताकीद दिली होती. मी शिकलेला होतो, वाचणारा होतो. पण बरे वाटणाऱ्या माणसाला रोज औषध घ्यायला लावणे ही मोठी कठीण गोष्ट आहे, हे मी स्वानुभवाने सांगतो. त्यात मित्रांपासून लपवणे आले, सुईसाठीची रांग आली. १९७३ च्या मृगात मी गावी आलो तेव्हा रुमालावर रक्त होते.

गुरुजींची मोजणी

घरात पुन्हा पडवीची चर्चा सुरू झाली. आईने माझे ताट वेगळे काढले. तिचा दोष नव्हता. तिने एक मरण पाहिले होते. ही वार्ता गुरुजींच्या कानी गेली आणि ते संध्याकाळी घरी आले. माझ्या शेजारी बसले. आईने त्यांच्यासाठी पाणी आणले, तर म्हणाले, "याच्या तांब्यातलंच द्या, वहिनी." आणि ते पाणी प्याले. मग माझ्याकडे वळून त्यांनी नागपूरहून आणलेला गोळ्यांचा डबा मागितला. त्यांनी गोळ्या फरशीवर ओतल्या आणि मोजल्या. मला एका शब्दाने ते रागावले नाहीत. "किती दिवसांच्या राहिल्या?" एवढेच विचारले. मला हिशेब सांगता आला नाही. विज्ञानाच्या वर्गात उत्तर चुकले म्हणजे वाटे त्याहून कितीतरी अधिक लाज मला त्या दिवशी वाटली.

नागपूरच्या डॉक्टरांनी नवा उपचार अठरा महिन्यांचा लिहून दिला. त्या अठरा महिन्यांत गुरुजी शाळा सुटल्यावर रोज आमच्याकडे येत. मी त्यांच्यासमोर गोळ्या गिळत असे आणि ते दिनदर्शिकेवर त्या तारखेला पेन्सिलीने खूण करीत. पावसात येत, पोळ्याला येत, दिवाळीतही येत. ते बाहेरगावी जायचे असले तर आपल्या मुलाला पाठवीत. गोळी गिळून झाली की आम्ही बोलत बसू. माझ्या प्रबंधाचा विषय त्याच ओसरीवर ठरला. पुढे मला पीएच.डी. मिळाली तेव्हा त्यांनी पेढा खाल्ला आणि विचारले, "खोकला नाही ना?"

पुष्कळ वर्षांनंतर मद्रासच्या प्रयोगाविषयी वाचले तेव्हा मी थबकलो. तेथील कार्यकर्ते रुग्णांच्या घरी पूर्वसूचना न देता जात, उरलेल्या गोळ्या मोजत आणि गोळी पोटात गेली की नाही हे लघवी तपासून पाहत. माणूस गोळ्या बुडवतो, तो शिकलेला असो वा नसो, हे त्यांनी मोजून सिद्ध केले होते. त्यावरूनच औषध कोणाच्या तरी देखत घेण्याची पद्धत पुढे आली. मद्रासच्या केंद्राने आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली औषध देऊन तिची परीक्षाही १९६४ मध्ये प्रसिद्ध केली होती. गुरुजींनी यातले काही वाचले होते की नाही, ते मी विचारले नाही. मला वाटते, विद्यार्थ्याची वही रोज तपासणाऱ्या माणसाला ते आपोआप सुचले असावे.

राष्ट्रीय पातळीवर ही गोष्ट सार्वत्रिक व्हायला पुढे तीन दशके लागली. सत्तरीच्या दशकात रिफॅम्पिसिनमुळे अठरा महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आणण्याचे प्रयोग झाले. पण १९९२ मध्ये जुन्या कार्यक्रमाचा आढावा घेतला गेला तेव्हा उपचार पूर्ण करणारे रुग्ण निम्म्याहूनही कमी निघाले. औषध होते, दवाखाना होता, शेवटच्या गोळीपर्यंत सोबत करणारे कोणी नव्हते. १९९३ मध्ये नव्या पद्धतीची चाचणी सुरू झाली, १९९७ पासून ती टप्प्याटप्प्याने पसरली आणि मार्च २००६ पर्यंत देशभर पोचली. त्या पद्धतीत मला फार आवडलेली वस्तू म्हणजे रुग्णाचा खोका. ज्याचा उपचार सुरू होई त्याच्या नावाने संपूर्ण औषधाचा एक खोका बाजूला काढून ठेवला जाई. मधेच साठा संपण्याची भीती नाही, आणि खोक्यात किती उरले ते डोळ्यांना दिसे.

बागायतदाराला माहीत असलेली गोष्ट

येथे क्षणभर विषयांतर करतो. आपला हा भाग संत्र्याचा. संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला म्हणजे खोडातून डिंक वाहतो, मुळे कुजतात, झाड वाळत जाते. त्यावर चुना आणि मोरचुदाचा बोर्डो मलम लावतात. हा उपाय १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत निघाला आणि आज पांढुर्ण्याच्या बागेत आहे. नागपूरला १९८५ मध्ये लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. कलम जमिनीपासून उंच बांधावे, पाणी खोडाला लागू देऊ नये, मलम पावसाळ्यापूर्वी आणि नंतरही लावावा, हे तेथून आणि कृषी खात्याकडून आपल्या बागायतदारांपर्यंत आले.

आता कोणत्याही बागायतदाराला विचारा, मलम एकदा लावला, झाड हिरवे दिसले, म्हणून पुढच्या वर्षी लावायचे सोडाल काय? तो हसेल. उपयोजित विज्ञान म्हणजे काय, हे त्याला व्याख्येवाचून कळते. शोध एकदाच लागतो. त्याचा उपयोग मात्र दर हंगामाला, दर झाडाशी, पुन्हा करावा लागतो. तीच गोष्ट पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची. १९५४ मध्ये हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आधी पेनिसिलिन आणि साठीच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनही तेथे तयार होऊ लागले. परदेशी शोध देशी बाटलीत आला म्हणूनच तो माझ्यासारख्याच्या दंडापर्यंत पोचला. गोव्यातील एका कंपनीच्या 'ट्रूनॅट' या थुंकी तपासणीच्या यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली. ते बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज गेलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही त्याचा उपयोग होतो. अशी यंत्रे ज्यांनी रचली त्यांना खेड्यातला दवाखाना माहीत असला पाहिजे.

सीमा आणि शिधा

आपल्या मुलखाची एक विशेष अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. तोवर आपली राजधानी नागपूर होती. त्या दिवशी ती भोपाळ झाली आणि नागपूर परराज्यात गेले. भाषा, सोयरिक, बाजार आणि दवाखाना मात्र नागपूरकडेच राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही निदान एका राज्यात, मजुरी दुसऱ्या राज्यात आणि घर तिसऱ्याच गावी, असे रुग्ण या सीमेवर असतातच. सहा महिन्यांचा उपचार अशा माणसाच्या हातून सुटतो तो बेफिकिरीने नव्हे, तर गाडी, हंगाम आणि ठेकेदार यांमुळे. २०१२ पासून 'निक्षय' या संगणकीय नोंदणीने रुग्णाची नोंद त्याच्या मागे जाऊ शकते. नोंद जाते, औषध आणि माणूसही गेला पाहिजे.

दुसरा मुद्दा अन्नाचा. मद्रासच्या परीक्षेत घरी अपुरे जेवणारे रुग्णही बरे झाले, यावरून अन्न महत्त्वाचे नाही असा सोयीस्कर अर्थ दीर्घकाळ काढला गेला. तो अर्थ चुकीचा होता. औषधाने रोग बरा होतो, हे त्या परीक्षेने दाखवले. रोग मुळात कोणाला जडतो, हा तिचा प्रश्नच नव्हता. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर २०२३ मध्ये झारखंडातून आले. डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८०० रुग्णांच्या घरांतील १०,३४५ माणसांचा अभ्यास केला. काही घरांतील सर्वांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, इतर घरांत शिधा केवळ रुग्णापुरता दिला. ज्या घरांतील सर्वांना शिधा मिळाला तेथे नव्या क्षयाचे प्रमाण शेकडा ३९ नी कमी राहिले; संसर्गजन्य क्षयाचे तर ४८ नी. आजी जे 'दूधभात खा' म्हणत असे त्याला आकड्यांचा आधार मिळाला.

आज स्थिती काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार भारतात २०१५ साली दर लाख लोकसंख्येत २३७ जणांना क्षय होत असे. २०२३ मध्ये हे प्रमाण १९५ होते. घट खरी आहे आणि जगाच्या सरासरीपेक्षा वेगाने झालेली आहे. पण २०२५ पर्यंत हे प्रमाण शेकडा ८० नी घटवण्याचा देशाचा संकल्प होता, त्याच्या मानाने ती पुष्कळच कमी आहे. शिवाय औषधांना दाद न देणारा क्षय आपल्यापुढे उभा आहे, आणि त्याच्या मुळाशी अर्धवट सोडलेले, चुकीचे किंवा तुटक मिळालेले उपचार आहेत. माझ्यासारख्यांनी सोडलेल्या गोळ्यांचेच ते व्याज आहे.

समारोप

श्रोतेहो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जांब नदीच्या पात्रात गोटमार होते. दगड लागून माणूस पडला की त्याला उचलायला दहा हात पुढे येतात. क्षयाचा मार दिसत नाही, रक्त उशिरा दिसते, म्हणून हात मागे राहतात. फार तर ताट वेगळे काढण्यापुरते पुढे येतात.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज शिक्षक आहेत, बागायतदार आहेत, दुकानदार आहेत, काही डॉक्टर आहेत. आपणांस माझी विनंती अगदी लहान आहे. आपल्या ओळखीतले कोणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल तर त्याला थुंकी तपासायला स्वतः घेऊन जा. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य आहे. रुग्ण निघाला तर त्याच्याबरोबर जेवा. त्याच्या घरातील सर्वांना शिधा मिळतो का ते पाहा. २०२२ पासून 'निक्षय मित्र' म्हणून कोणालाही हे काम अंगावर घेता येते. आणि सहा महिने, बरे वाटू लागल्यावरही, त्याच्या गोळ्या मोजा.

गुरुजींनी माझ्यासाठी पेन्सिलीने खुणा केलेल्या दोन दिनदर्शिका मी अद्याप जपून ठेवल्या आहेत. आज येताना त्या बरोबर आणल्या आहेत. संस्थेने त्या स्वीकारून शाळेच्या विज्ञानकक्षात ठेवाव्यात, अशी माझी प्रार्थना आहे. मुलांनी विचारले की हे काय आहे, तर त्यांना एवढेच सांगावे की हा आपल्या शाळेतल्या एका शिक्षकाने पूर्ण केलेला प्रयोग आहे.

गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.